तेंदूभाठ्याच्या तरियाचं माहेर

आमच्या परिषदेत प्रत्येक कामाचा अहवाल होतो. कुठे खोदलं, किती खोल खोदलं, किती झाडं लावली, एवढंच त्यात असतं. तीन ओळीत काम संपतं आणि कागद कपाटात जातो. त्या तीन ओळीत जे मावत नाही ते माझ्याकडे उरतं. कारण चहा मी करतो, आणि चहाच्या वेळी माणसं अहवालासारखी बोलत नाहीत. बारा वर्षांचं असं साठलं आहे. कपाटाची चावी माझ्याजवळ, आणि हेही माझ्याजवळच.

मी शाळेत गेलो नाही. भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात खलाशी होतो. ओझी उचलायची, रूळ सरकवायचे. रिटायर झाल्यावर नातीनं अक्षरं शिकवली, म्हणून हे हळूहळू लिहून राहिलो. तुम्हीही हळूहळू वाचा, घाई नाही.

परिषद म्हणजे फार मोठं काही समजू नका. भिलाईजवळ मरोद्याला दोन खोल्या, एक जुनी जीप, दोन सतरंज्या. रिटायर झालेले लोक, मास्तरीण बाया आणि दोन-तीन दुकानदार मिळून ती चालवतात. गावाचा तलाव, गावाचं चराईचं रान, गावाचं बियाणं, यांना हात लावायचा. सेक्रेटरी सुनंदाताई, दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या. मोजमापाला लांजेवार साहेब, कारखान्यातले इंजिनियर, माझ्यासारखेच रिटायर आणि माझ्यासारखेच भंडाऱ्याकडचे. ताई मला काका म्हणतात. साहेब हिरामण म्हणत असत. आता काय म्हणतात ते पुढे येईल.

किस्से तर पुष्कळ आहेत. पण तेंदूभाठ्याचे सांगतो, कारण ते एकाचं बोट दुसऱ्यानं धरल्यासारखे आहेत.

*

तेंदूभाठा नंदिनीच्या पलीकडे. जामुलपर्यंत जीपच्या काचेवर सिमेंटची पूड बसते, नंदिनी नगरपर्यंत चुन्याच्या दगडाची, मग मोकळं माळरान लागतं आणि गाव दिसतं. गावाला एक तरिया. छत्तीसगढीत तलावाला तरिया म्हणतात. तरियाच्या काठावर विहीर. तरियात पाणी असलं तर विहिरीत पाणी. पण तरिया गाळानं भरलेला, होळीला तळ दिसायचा. मग गावातल्या सगळ्या बाया अर्ध्या कोसावरच्या हँडपंपाला जायच्या. पावसाच्या आधी गाळ काढायचा, एवढं काम. त्या उन्हाळ्यात झालं नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार होती.

संक्रांतीनंतर पहिली बैठक झाली, तरियाच्या काठावर, पिंपळाखाली. ताईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, पटलं असेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले, एक सोडून. पांढऱ्या केसांची एक म्हातारी मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेली. ताई म्हणाल्या, ठीक आहे, बहुमत झालं, लिहून घ्या.

गावानं ते ऐकलं आणि गाव उठून गेलं. माझ्या चहाला नुकती उकळी आली होती.

मागे राहिले बुधरामबबा, गावचे सियान, म्हणजे ज्यांचा शब्द सगळे ऐकतात असे म्हातारे. ते म्हणाले, आमच्याकडे एक जण गप्प असला की बोलणं संपलेलं नसतं. पुन्हा बसावं लागेल. ताई म्हणाल्या, मग त्या बाईंना तुम्ही समजवा ना. बबांना याचंच नवल वाटलं. समजवायचं कशाला, म्हणाले, बसायचं.

सात रविवार बसलो. दर रविवारी पाणी एक हात खाली गेलेलं दिसायचं. दर रविवारी सगळे हात वर, आणि ते दोन हात मांडीवर. मी कारखान्यात चाळीस वर्षं मीटिंगांमध्ये पाण्याचे ग्लास फिरवले. जो हात वर करत नाही त्याच्याकडे लोक कसे पाहतात ते मला पाठ आहे. इथे कोणी तिच्याकडे तसं पाहिलं नाही. एक टोमणा नाही. उलट सावली सरकली की कोणी तरी तिची चटई सावलीत सरकवून द्यायचं.

तिचं नाव बिसाहीन दाई. तिकडे आईला दाई म्हणतात.

*

त्या रविवारी साहेब काही नुसते बसले नाहीत. त्यांनी तरिया मोजून काढला. तरियाच्या बरोबर मधोमध एक लाकडी खांब उभा होता, जुना, काळा पडलेला, वरच्या टोकाला कापडाच्या चिंध्या. साहेब फार खूष झाले. म्हणाले, चाळीस वर्षांत हा बोटभर हलला नाही, आपली सगळी मापं याच्यावरूनच घेऊ.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब चिखलात उतरले. जीपमधला लाल ऑइलपेंट घेतला आणि खांबावर आपल्या डोळ्याच्या उंचीला निशाणी केली. इंजिनियर लोक करतात तशी, आडवी रेघ आणि तिच्याखाली बाणाचं टोक.

बाहेर आले तर घाटावर बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या. एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. एका माणसानं लोटा आणून साहेबांचे पाय धुतले. पुढच्या रविवारी साहेबांसाठी वेगळी खाट, तिच्यावर नवी गोधडी, आणि हातात नारळ. आम्हाला आपली सतरंजीच.

परत येताना साहेब जीपमध्ये म्हणाले, "हिरामण, या लोकायले सायन्सची मोठी कदर आहे."

मलाही तसंच वाटलं.

*

सातव्या रविवारी बिसाहीन दाईनं आम्हाला जेवायला बोलावलं. जिच्यामुळे काम अडलं तिनंच ताट वाढलं. भात, डाळ, टमाटरची चटणी. डाळीचे दाणे वेगवेगळे, दाताखाली टचटच वाजणारे. साहेबांची कवळी नवी होती. त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ घेतला.

दाई ओशाळली. म्हणाली, "दार नइ चुरय." तिकडे डाळीला दार म्हणतात आणि शिजण्याला चुरणं. हँडपंपाच्या पाण्यात चुना फार, डाळ शिजत नाही.

ताईंनी विचारलं की विहिरीत अजून थोडं पाणी आहे, सगळ्या बाया नेतात, तुम्ही एवढ्या लांब हँडपंपाला का जाता? दाईनं तोंडाला पदर लावला आणि हसली, लहान मुलानं काही विचारावं तशी.

"बेटी घर के पानी कइसे पीहूँ?"

लेकीच्या घरचं पाणी कसं पिऊ, म्हणाली. ताईंनी आजूबाजूला पाहिलं. घरात लेक-जावई कोणी नाही, भिंतीवर फोटो नाही.

मग बुधरामबबांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी हा तरिया खोदला. तिकडे तरियाचं लग्न लावतात. बिनलग्नाच्या तरियाचं पाणी देवाला चालत नाही, लग्नाकार्याला चालत नाही. तरिया ही नवरी आणि मधला सरईचा खांब हा नवरा. सरई म्हणजे सालवृक्ष. बिसाहीन आणि तिच्या नवऱ्याला मूल नव्हतं, म्हणून आई-बाप होऊन तेच बसले आणि त्यांनी कन्यादान केलं. लेक दिली, मग लेकीच्या घरचं पाणी कसं प्यायचं? नवरा ते पाणी न पिता गेला. दाई चाळीस वर्षं हँडपंपावर. आणि दर तीजाला, जेव्हा छत्तीसगढात घरोघरच्या लेकींना माहेराहून लुगडं मिळतं, तेव्हा दाई नवं लुगडं घेऊन छातीभर पाण्यात उतरते आणि खांबाच्या खांद्यावर टाकून येते. लेकीला दे बाबा, म्हणून जावयाजवळ सांगून येते.

वरच्या चिंध्या त्या होत्या.

ताईंचा घास ताटातच राहिला. त्यांनी विचारलं की मग हात वर का करत नाहीत? बबा म्हणाले, बैठक तरियाच्या काठावर आहे. लेकीच्या दारात बसून तिच्या घरात काय करावं हे कोणती आई बोलेल?

"बबा, हे तुम्ही सात रविवार आधी का नाही सांगितलं?"

बबा म्हणाले, तुम्ही विचारलं नाही. आणि आम्हाला वाटलं साहेबांना सगळं माहीत आहे. त्यांनी जावयाला टिळा लावला ना.

साहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. नखात अजून लाल रंग होता.

आठव्या रविवारी मी सतरंजी पिंपळाखाली नाही, दाईच्या अंगणात टाकली. सगळ्यात पहिला हात तिचाच वर गेला. एकच गोष्ट मागितली. मशीनवाल्याला म्हणावं, हळू.

*

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

उन्हाळ्यात जेसीबी आला. तरियाचा गाळ म्हणजे शेताला सोनं, म्हणून शेतकरी आपापले ट्रॅक्टर आणून गाळ घेऊन जायचे. रीतच आहे तशी. साहेबांनी खांबाभोवती दहा हातांचं गोल आखलं. एवढ्या गाळाला कोणी हात लावायचा नाही, म्हणाले, याच्यावरच खांब उभा आहे. शेवटच्या तीन दिवसांत त्यांना डोळे दाखवायला रायपूरला जावं लागलं. जाताना म्हणाले, हिरामण, खांबाला जप.

मी छत्री उघडून काठावर बसलो. गाळ संपत आला. तेव्हा एक म्हातारा डोक्यावर टोपली घेऊन आला. ट्रॅक्टर नाही, बैल नाही, म्हणून मागे राहिलेला. बाकी सगळा गाळ गेलेला, उरलेलं फक्त ते गोल. दोन टोपल्या कडेच्या घेऊ का, म्हणाला. मी म्हटलं, ने.

त्याच्यामागून एक बाई टोपली घेऊन आली. एकाला ने म्हटलं, दुसरीला नाही कसं म्हणू? मग तिची जाऊ आली. मला नाही म्हणता येत नाही, ते माझ्या बायकोला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तेंदूभाठ्यालाही कळलं. संध्याकाळी दहा हातांचं गोल दोन हातांवर आलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा गाळत होतो. वारा नव्हता. खांब हळूहळू वाकला, म्हातारा माणूस गुडघ्यावर हात ठेवून खाली बसतो तसा, आणि आडवा झाला. खालचं टोक सगळं कुजलेलं होतं. इतकी वर्षं त्याला गाळानंच धरून ठेवलं होतं. कारखान्यात मी क्रेन पडताना पाहिली आहे. पण एवढं गुपचूप पडलेलं काही पाहिलं नव्हतं.

लोक आले, पाहिलं, घरी गेले. संध्याकाळी पाहतो तर एकाही घरातून धूर नाही. मला आधी समजलं नाही. मग समजलं. गावाचा जावई गेला होता. चूल कोण पेटवणार?

बिसाहीन दाई येऊन खांबाजवळ बसली, लाल निशाणीवर पंजा ठेवून. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की दाई, हे माझ्यामुळे झालं, मीच ने म्हटलं. तिनं माझ्याकडे वर पाहिलं.

"तैं खाए हस, बाबू?"

तू जेवलास का, विचारत होती. मग घरी गेली आणि माझ्यासाठी मुरमुरे आणि हँडपंपाचं पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दोन हातांच्या त्या गोलाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

"कावून देल्लं, हिरामण?"

"मांगितलं, साहेब."

साहेब म्हणाले, माझी सगळी मापं याच्यावरूनच होती रे.

*

पावसाला तीन आठवडे होते. गाव पुन्हा दाईच्या अंगणात बसलं. आता तरियाचं दुसरं लग्न लावायचं, तेही पाणी यायच्या आत, असं बबा म्हणाले. रोजचंच काही सांगावं तसं पुढे म्हणाले, आमच्यात नवरा गेला तर बाईला पुन्हा चुडी घालतात, लेक तरणी आहे, तिला कशाला बसवून ठेवायचं? जीपमध्ये ताई मला म्हणाल्या, "काका, माझी आत्या आमच्या दुर्गच्या घरात मागच्या खोलीत राहिली हो, जन्मभर." एवढंच. मग जामुल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या.

पण नवरा आणायचा कुठून? खांब सरईचाच पाहिजे. आमच्या परिषदेच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे की झाड तोडायचं नाही. ते ताईंनीच लिहून घेतलेलं. कोणी म्हणालं, जामुल इतकं जवळ, सिमेंटचा खांब घाला. बुधरामबबांनी डोळे मिटले.

"सिमेंटचा जावई लेकीशी बोलंल काय?"

मी मागे उभा होतो. म्हटलं, माझ्या अंगणात दोन पडले आहेत.

सगळे वळले. मी सांगितलं. नंदिनीच्या खाणीच्या रेल्वेलाइनवर आधी लाकडी स्लीपर होते, सालचेच. ते काढून सिमेंटचे टाकले तेव्हा दोन मला मिळाले. मरोद्याला घरासमोर एकावर एक ठेवून मी त्यांच्यावर संध्याकाळचा बसतो. चुन्याच्या दगडाच्या गाड्या किती वर्षं त्यांच्यावरून गेल्या. त्यांना काही झालं नाही.

साहेब त्याच दिवशी माझ्या घरी आले. हातोडीनं दोन्ही स्लीपर वाजवले, कान लावून ऐकलं. एक अपुरा पडत होता, म्हणून दोन्ही एकाला एक जोडले, रुळाला रूळ जोडतात तशा लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट लावून. सून म्हणाली, बाबा, आता तुम्ही बसाल कुठं? मी म्हटलं, आधी लग्न होऊ दे.

*

दाई विधवा, ती बसू शकत नव्हती. मग लेकीचे आई-बाप कोण? बबा म्हणाले, विचारायचं काय त्यात? टिळा कोणी लावला होता?

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेब देवळातही बाहेरच्या बाहेर चपलांवर लक्ष ठेवणारे. ते म्हणाले, नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. त्यांच्या मिसेस, आम्ही वहिनी म्हणतो, दोन मुलगे पुण्याला, त्या मागे बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या.

"मी बसते. मले पोरगी पाह्यजेच होती. तुमाले नसंल बसायचं त जीपमध्ये जाऊन बसा."

साहेब बसले. जीपमध्ये नाही.

नवरा माझ्या अंगणातला, म्हणून मी नवऱ्याचा बाप. वरात मरोद्याहून निघाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्लीपर, त्याला हळद, पुढे बाजा. जामुलच्या बसस्टँडवर लोक विचारत होते, नवरदेव कुठे आहे? मी बोट दाखवत होतो.

गावाच्या शिवेवर साहेब परात घेऊन उभे होते. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाचे पाय धुवायचे. कारखान्यात साहेबांची जीप गेली तरी मी उभा राहायचो, ते मला ओळखत नव्हते तेव्हापासून. मी पाय मागे ओढले. म्हटलं, साहेब, राहू द्या.

"चूप बैस, हिरामण. पोरीकडचा आहो मी."

आणि धुतले. बोटांच्या मधून, एखादं यंत्र साफ करावं तसे. मग समधीभेट झाली, म्हणजे व्याह्यांची भेट, दोघांनी एकमेकांना मिठी मारायची असते. त्यांच्या शर्टाला माझी हळद लागली. त्या दिवसापासून साहेब मला हिरामण म्हणत नाहीत, समधी म्हणतात. आणि ऑफिसात आपला चहा आपण करतात. वाईट करतात, पण करतात.

मुहूर्त मात्र चुकला. खांब उभा केला, ब्राह्मण घाई करून राहिला, आणि साहेबांनी लेव्हलचं मशीन लावलं. जावई बोटभर कललेला आहे म्हणाले, असा मी पोरीला देणार नाही. अर्धा तास सगळं गाव, बाजेवाले, ब्राह्मण, एका बोटासाठी उभं. सरळ झाला तेव्हा खिशातून तीच लाल रंगाची डबी काढली आणि टिळा लावला. आडवी रेघ, खाली बाणाचं टोक. या वेळी काय करून राहिले ते त्यांना माहीत होतं.

दाई लांब, पिंपळाच्या मागे उभी होती. कन्यादान झालं तशा वहिनी उठल्या आणि स्वतः तिला हात धरून घेऊन आल्या. दाईनं काखेतलं नवं लुगडं काढून वहिनींच्या हातात दिलं.

"तीजा मा झन भुलाहू, बहिनी."

तीजाला विसरू नका, एवढं बोलली. आणि रिकाम्या हातांनी घरी गेली.

*

पाऊस आला, तरिया भरला, विहीर वरपर्यंत भरली. तीजाला वहिनींनी भिलाईहून लुगडं नेलं. बाया विहिरीवरून घरी पाणी नेऊ लागल्या. दाई मात्र हंडा घेऊन रोज हँडपंपालाच. लेक तर तिनं दिली होती दुसऱ्यांना, मग आता तिला चालायला हवं ना? पण हे तिला कोणी म्हटलं नाही. त्या गावात कोणी कोणाला समजवत नाही, ते मी लिहिलंच आहे.

पुढच्या संक्रांतीनंतर मदत देणाऱ्या संस्थेचे एक अधिकारी रायपूरहून तपासणीला आले. आणखी दोन गावांचे तरिया त्यांच्या सहीवर अडकले होते. त्या गावांत बैठका बसून झाल्या होत्या, सगळे हात वर झाले होते. माणूस चांगला होता. त्याची एक सवय होती. जिथे जाईल तिथलं पाणी प्यायचं, आणि ज्यांनी काम केलं त्यांनी त्याच्याआधी प्यायचं. त्याला कागदापेक्षा त्याचा भरवसा जास्त.

पिंपळाखाली सगळं गाव होतं. मी विहिरीचं पाणी काढलं, ग्लास भरले, ट्रे फिरवला. मी मुलाकडचा, मी प्यालो. ताई प्याल्या. साहेबांनी ग्लास उचलला, त्यात पाहिलं, आणि ट्रेमध्ये परत ठेवला. वहिनींनी तर उचललाच नाही.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की लग्नापासून साहेब या गावात येताना घरून बाटली आणतात. मला वाटायचं, डॉक्टरनं सांगितलं असेल.

अधिकारी आधी हसले. घ्या हो लांजेवारजी, म्हणाले. साहेब म्हणाले, पाणी चांगलं आहे, तुम्ही घ्या, मला इथलं चालत नाही. अधिकाऱ्यांचं हसणं थांबलं. ज्या इंजिनियरनं तरिया केला त्यालाच त्याचं पाणी चालत नाही, म्हणजे काय आहे या पाण्यात? साहेबांनी तोंड उघडलं. फळ्यावर अख्खी भट्टी समजावून देणारा माणूस, त्यांना एक वाक्य सापडेना. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवला.

बुधरामबबा आणि सगळं गाव बसून होतं, त्या सात रविवारांसारखं.

तेवढ्यात मागून माणसं बाजूला झाली. बिसाहीन दाई हँडपंपावरून येत होती, डोक्यावर भरलेला हंडा. ती ट्रेपाशी आली. हंडा खाली ठेवला. साहेबांनी ठेवलेला ग्लास उचलला. साहेबांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान डोलावली.

दाई प्याली. एका दमात नाही, घोट घोट. शेवटचा घोट तिनं कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. मग गिळला, पदरानं तोंड पुसलं, आणि रायपूरच्या त्या अधिकाऱ्याकडे वळून, जणू त्यानं तिलाच विचारलं होतं, असं विहिरीकडे बोट दाखवून सांगितलं,

"एमा दार चुरही."